प्रकाशाची उणीव व फिल्मची धुलाई : कोल्हापूरचा एक दाखला

कृष्णधवल छायाचित्रणात ‘फिल्मचा वेग वाढविणे’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. फिल्मवर अवश्य त्याहून कमी प्रकाश पडू द्यावयाचा आणि मागाहून ती डेव्हलपरमध्ये अधिक काळ ठेवून उणीव भरून काढावयाची, ही ती क्रिया होय. तिलाच पुश प्रोसेसिंग म्हणतात. तीमुळे वेग खरोखर वाढतो काय, हे तपासताना कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचा प्रारंभकाळ उद्बोधक ठरतो.

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली प्रदर्शित झाला. त्या काळची फिल्म मंद असून तांबड्या रंगास जवळजवळ असंवेदनशील होती. म्हणून तांबड्या दिव्याखाली, डोळ्यांनी पाहत ती धुता येई. चित्रणास मात्र सूर्यप्रकाशाचा आधार लागे. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश योजला. उणीव चित्रणाच्या क्षणीच दूर करण्याचा हा मार्ग होता.

शास्त्रदृष्ट्याही तो युक्तच होता. पडलेला प्रकाश आणि निगेटिव्हची घनता यांचा संबंध हर्टर व ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये आलेखाने स्पष्ट केला. धुलाईचा काळ वाढविला असता उजळ भागांची घनता झपाट्याने वाढते, मध्यम भागांची काहीशी वाढते. छायेतील भाग मात्र फारसे बदलत नाहीत. जेथे प्रकाश पोहोचलाच नाही, तेथे डेव्हलपरला प्रकट करण्याजोगे काही नसते. अशा रीतीने वाढतो तो छायाप्रकाशातील विरोध, आणि त्याबरोबर कणही ठळक होतात.

डेव्हलपरांत भेद आहेत, पण ते मर्यादित आहेत. कोडॅकच्या डी-७६ मध्ये (१९२७) लिटरमागे १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असल्याने कण सौम्य राहतात. १८९१ च्या रोडिनलमध्ये ते ठळक दिसतात. इल्फर्डचा फेनिडोनयुक्त मायक्रोफेन छायेतील तपशील थोडा अधिक राखतो. परंतु हा लाभ एका स्टॉपहूनही कमीच असतो.

शिवाय वेगाचा अंक हाही एक संकेतच आहे. १९५४ मध्ये ३५ मिलिमीटर आकारात आलेल्या ट्राय-एक्स फिल्मचा अंक २०० होता. १९६० मध्ये अमेरिकन मानक बदलताच तो ४०० झाला. मानकातील राखीव प्रकाशाचे प्रमाण तेवढे कमी करण्यात आले होते. तेव्हा ‘वेग’ या एकाच शब्दाने फिल्मची अंगभूत संवेदनक्षमता आणि वापरणाऱ्याने गृहीत धरलेला अंक, असे दोन भिन्न अर्थ व्यक्त होतात.

हा भेद इतिहासाच्या अभ्यासकासही महत्त्वाचा आहे. कोल्हापूरचे मूकपट बहुतांशी नष्ट झाले असून त्यांचा विचार पुष्कळदा प्रतीवरून काढलेल्या स्थिरचित्रांच्या आधारे करावा लागतो. त्यांतील काळ्याकुट्ट छाया पाहून मूळ प्रकाशयोजना सदोष होती असे म्हणणे घाईचे ठरेल. तपशील चित्रणात हरवला, धुलाईत हरवला की प्रत काढताना, याचा निर्णय आधी झाला पाहिजे; कलावंताच्या गुणदोषांचे मूल्यमापन त्यानंतरचे होय.