हेलियम विजयदुर्गावर सापडला का?

विजयदुर्ग किल्ल्यात काही चौथरे आहेत. गावकरी त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. सहल घेऊन गेलेल्या शिक्षकांना तिथे हमखास ऐकायला मिळते, की १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज साहेबाने इथूनच खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम शोधला. आम्हीही ही गोष्ट वर्गात रंगवून सांगितली आहे. ती आता दुरुस्त करायला हवी.

त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्येच होते. युद्धखात्यात नोकरी करून फावल्या वेळात सूर्याचा अभ्यास करणारे हे गृहस्थ. त्यांनी मागवलेला वर्णपटदर्शक तेव्हा तयारच झाला नव्हता. ग्रहण पाहिले ते फ्रान्सच्या पिएर जान्सेन यांनी, आंध्रातल्या गुंटूरहून. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. इतक्या ठळक, की ग्रहण नसतानाही त्या दिसाव्यात असे त्यांना वाटले. आणि दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात त्यांनी त्या पाहिल्यासुद्धा! लॉकियर यांना हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती. उपकरण हाती येताच २० ऑक्टोबरला त्यांनीही त्या रेषा पाहिल्या. गंमत म्हणजे दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली. पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे कोरलेले पदक काढले.

या रेषांत एक पिवळी होती. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले की पिवळा रंग येतो, तो सोडियमचा. त्याच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. सूर्यावरची ही रेषा त्यांच्या अगदी शेजारी, ५८७.६ वर. प्रयोगशाळेतल्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना. तेव्हा लॉकियर यांनी नवे मूलद्रव्य मानले आणि ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य यावरून नाव आले हेलियम. शेवटचा ‘इयम’ सोडियम, पोटॅशियमसारखा. म्हणजे तो धातू असावा अशी समजूत! नुसत्या एका रेषेवर मूलद्रव्य मानायला पुष्कळ रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते, आणि आमच्या मते त्यांचे फारसे चुकत नव्हते. १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅम्झे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर आम्लाची क्रिया करून वायू मिळवला. ते शोधत होते आर्गॉन. दिसली नेमकी ती पिवळी रेषा.

मग विजयदुर्गाचे काय? तिथे लॉकियर खरोखरच आले होते, पण ३० वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांनी तिथे तळ ठोकला, आणि ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. कट्टे याच वेळचे असावेत, असे आम्हांला वाटते. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षे होत आली होती.

त्याच दिवशी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्रा. कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून हेच ग्रहण टिपत होते. त्यांचा कट्टा मात्र आम्हांला अजून कुणी दाखवलेला नाही.