कळफलक कोणाचा? टंकयंत्राची रूढी आणि मराठीचा हक्क

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात कंत्राटी काम सुटले की वस्त्यांतील मुले-मुली सरकारी भरतीकडे वळतात. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट या वेगाचे प्रमाणपत्र लागते. मुले क्लासची फी भरतात, पण आपण कोणता कळफलक शिकतो आहोत हे कोणी विचारत नाही. हा प्रश्न तांत्रिक वाटतो. आमच्या मते तो इतिहासाचा आणि हक्काचा आहे.

1874 मध्ये अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीचे टंकयंत्र बाजारात आले आणि त्यातून 'क्वर्टी' मांडणी रूढ झाली. ती कोणी निमूट स्वीकारली नाही. जर्मनांनी झेड आणि वाय यांची अदलाबदल केली, कारण त्यांच्या भाषेत झेड जास्त लागतो. फ्रेंचांनी क्यूच्या जागी ए आणला. भाषेसाठी यंत्र बदलले.

मराठीच्या वाट्याला उलटे आले. कळा मोजक्या, जोडाक्षरे असंख्य. म्हणून अर्धी अक्षरे आणि सुटा काना अशी अक्षरांची मोडतोड करावी लागली. ऱ्हस्व वेलांटी आधी, व्यंजन नंतर. तेव्हा ती यंत्राची मजबुरी होती. संगणक आल्यावर मजबुरी संपली, मात्र सवय उरली. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, आत साठवलेला असतो इंग्रजी 'डी'. फॉन्ट नसला की मजकुराचा कचरा होतो. कारण संपल्यावरही टिकणाऱ्या सवयीलाच आपण रूढी म्हणतो.

दुसरी वाट भारतातच घडली. 1986 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट मांडणी ठरवली. 1991 मध्ये ती भारतीय मानक 13194 मध्ये आली. पुण्यात 1988 साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय भाषांच्या संगणनावर मोठे काम केले. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. 'क' च्याच कळेवर शिफ्ट दाबले की 'ख'. जसे बोलतो तसे टंकतो: आधी व्यंजन, मग वेलांटी. शिवाय ज्या कळेवर मराठी 'क', तिच्यावरच उडिया आणि बंगालीतला 'क'. चाकणच्या एकाच खोलीत राहणारे लातूरचा आणि ओडिशाचा असे दोन कामगार एकच मांडणी शिकू शकतात.

ओळखायची कशी? मराठी टंकन चालू करून इंग्रजी 'डी' ची कळ दाबा. हलन्ताचे चिन्ह उमटले तर इनस्क्रिप्ट. 'द' किंवा 'ड' आला तर उच्चारानुसारी, म्हणजे फोनेटिक. कृतिदेवमध्ये 'क' येतो.

काही जण म्हणतील, हाताला बसलेली मांडणी का सोडायची? जुन्या टंकलेखकांनी सोडू नये, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. परंतु नव्याने शिकणाऱ्यावर जुने ओझे का? आपल्या जयंतीच्या स्मरणिका, परिषदांचे ठराव, कामगारांची निवेदने जुन्या फॉन्टमध्ये अडकली आहेत. शोधायला गेले तर सापडत नाहीत. जो मजकूर शोधता येत नाही, तो उद्याच्या इतिहासातून गळतो.

म्हणून मागणी साधी आहे. क्लासने फी घेण्यापूर्वी मांडणीचे नाव लेखी सांगावे. भरतीच्या जाहिरातीत चाचणीची मांडणी स्पष्ट छापावी. आणि आपल्या संघटनांनी आजपासून प्रत्येक ठराव युनिकोडमध्येच लिहावा. लिहिण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेलेल्या समाजाने निदान आपले लिहिलेले हरवू देऊ नये.

जयभीम!