अवताराची उतरण : रायगडचा किनारा आणि इंग्रजीतील एक शब्द

‘अवतार’ हा शब्द आज इंग्रजी भाषकांना संगणकाच्या पडद्यावरील प्रतिमेमुळे किंवा जेम्स कॅमेरॉनच्या २००९ मधील चित्रपटामुळे ठाऊक असतो. परंतु त्यामागील कल्पना इंग्रज वाचकांपुढे जिवंत रूपात ठेवणारे एक महत्त्वाचे लेखन पुण्यानजीक चिंचवडला जे पाहिले गेले त्यातून उभे राहिले, आणि मुंबईहून तिकडे जाणारी तेव्हाची वाट रायगडच्या खाड्यांतून, पनवेल बंदरावरून जात असे.

संस्कृतात ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, पार करणे. म्हणून अवतार म्हणजे मुळात वरून खाली उतरणे. याच धातूपासून ‘तीर्थ’ हा शब्द झाला, आणि कोकणात खाडी ओलांडणाऱ्या होडीला ‘तर’ म्हणतात तोही त्याच कुळातला. रेवस-करंजा किंवा आगरदांडा-दिघी अशा जलमार्गांच्या या प्रदेशात शब्दाचा हा मूळ अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज पडू नये. उरण तालुक्यातील घारापुरी बेटावरच्या, साधारणतः इसवी सनाच्या सहाव्या शतकातील मुख्य लेण्यात तर हे उतरणे दगडातच कोरलेले आहे. मधल्या भव्य सदाशिवाच्या पश्चिमेकडील पटात शिव-पार्वती उभे असून शिवाच्या जटांवर तीन मुखांची गंगा उतरताना दाखवली आहे आणि पायाशी भगीरथ बसला आहे. हा गंगावतरणाचा प्रसंग असून देवाने मनुष्यरूप घेण्याशी त्याचा संबंध नाही. मात्र उंचावरचे काही लोकांच्या कल्याणासाठी खाली येते, ही अवतारकल्पनेची गाभ्याची गोष्ट त्यात स्पष्ट दिसते. युरोपीय प्रवाशांनी या बेटाला दगडी हत्तीवरून ‘एलिफंटा’ हे नाव दिले आणि सदाशिवाच्या तीन दर्शनी मुखांना दीर्घकाळ ब्रह्मा-विष्णू-महेशांची त्रिमूर्ती समजून वर्णिले. पाहण्याची उत्सुकता अपार असली तरी मूर्तीमागची उपासना त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती.

शब्द इंग्रजीत आला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८४ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या एशियाटिक सोसायटीच्या विद्वानांच्या लेखनकाळात, आणि प्रथम तो विष्णूच्या दशावतारांपुरता, म्हणजे पुराणकथांपुरता होता. या पार्श्वभूमीवर मुंबईच्या फौजेतील अधिकारी एडवर्ड मूर याने १८०० मध्ये चिंचवडला दिलेली भेट वेगळी ठरते. गणेशभक्त मोरया गोसावींच्या वंशात सात पिढ्यांपर्यंत गणपतीचा अंश नांदेल, या श्रद्धेने तेथील ‘देव’ म्हणवणारे त्यांचे वंशज पूजिले जात. मूरने हा वृत्तांत लिहिला आणि तो १८०१ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात छापला गेला. पुढे १८१० मध्ये त्याचा ‘हिंदू पँथिऑन’ हा १०५ चित्रफलकांचा ग्रंथ लंडनमध्ये निघाला. मूरच्या वृत्तांताचे मोल असे की पोथीतला अवतार येथे डोळ्यांसमोर बसलेला, बोलणारा, नमस्कार स्वीकारणारा माणूस म्हणून आला. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिकाही घारापुरी पाहून आणि पनवेलमार्गे घाट चढून चिंचवडला पोचली, आणि १८१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या रोजनिशीमुळे ही माहिती विद्वानांच्या वर्तुळाबाहेरील वाचकांच्या हाती पडली.

त्यानंतर शब्दाची धर्माशी असलेली गाठ झपाट्याने सैल झाली. वॉल्टर स्कॉटने तो नेपोलियनसंबंधी, दुष्ट तत्त्वाचे आणखी एक प्रकटीकरण अशा अर्थाने योजला, तर फ्रेंच लेखक थिओफिल गोतिये याने १८५६ मध्ये आत्म्यांच्या शरीरबदलाच्या कथेला ‘अवतार’ हेच नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या इंग्रजीत त्याचा अर्थ कोणत्याही कल्पनेचे मूर्त रूप इतका पातळ होऊन बसला.

१९८५ मध्ये रिचर्ड गॅरियट याच्या ‘अल्टिमा ४’ या संगणकीय खेळात आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ होणे हे खेळाडूचे ध्येय ठरले, आणि त्याच सुमारास लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या सामायिक खेळात चिप मॉर्निंगस्टार आणि रँडल फार्मर यांनी खेळाडूच्या पडद्यावरील देहाला हे नाव दिले. नील स्टीफन्सनच्या १९९२ मधील ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीने ते सर्वतोमुखी केले. बाहेरच्या जगातील जाणीव एका रचलेल्या जगात देह धारण करून उतरते, ही रचना स्कॉटच्या उपमेपेक्षा मूळ अर्थाच्या कितीतरी जवळची आहे, आणि या प्रवासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट हीच मानावी लागते. धर्मरक्षणाचा हेतू मात्र त्यात उरला नाही.

इंटरनेटवर वापरकर्त्याच्या नावाशेजारी लावलेल्या चित्रालाही जेव्हा ‘अवतार’ म्हटले जाऊ लागले तेव्हा उतरण्याची कल्पना पुन्हा गळाली आणि केवळ बाह्य रूप शिल्लक राहिले. हा दोष परभाषेच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही, कारण संताच्या मृत्यूला ‘अवतारसमाप्ती’ म्हणणारी मराठीच चिखलाने माखून घरी आलेल्या मुलाला ‘काय हा अवतार!’ असे म्हणते. फरक इतकाच की मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदतात आणि कोणता कोठे लागू करायचा याविषयी बोलणाऱ्याचा कधी गोंधळ होत नाही.