वाहता कान : उपचारांचा इतिहास आणि वर्षांचा हिशेब

जोगेश्वरीची लेणी सहाव्या शतकातील. त्यांच्या सभोवार दाटलेली वस्ती मात्र विसाव्या शतकातील होय. एका खोलीत सहासात माणसे, पावसाळ्यातील ओल आणि एका मुलाची सर्दी दुसऱ्याला, अशा राहणीत मुलाचा कान वाहणे ही इतकी नित्याची बाब होऊन बसली की पुष्कळ घरांत तिला आजार मानलेच गेले नाही. लसूण घालून कढवलेले कोमट तेल कानात सोडावे, कापसाचा बोळा बसवावा आणि मोठा झाला की आपोआप थांबेल म्हणून स्वस्थ राहावे, ही रीत गावाकडून माणसांबरोबरच मुंबईत आली. काही कान खरोखरच थांबले. जे थांबले नाहीत, त्यांच्यासाठी वैद्यकाने काय केले आणि ते किती टिकले, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णस्राव आणि दुर्गंधी येणारा पूतिकर्ण यांचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे वाहणारा प्रत्येक कान सारखा नसतो, हे निरीक्षण आपल्याकडे प्राचीन आहे. मात्र कानामागील हाड उघडून आतील पू काढण्याचे धाडस युरोपातही पुष्कळ उशिरा झाले, आणि त्याला अपयशाचे गालबोटही लवकरच लागले. 1791 साली डेन्मार्कच्या राजवैद्याने, बेर्गर यांनी, आपला बहिरेपणा दूर व्हावा म्हणून ही शस्त्रक्रिया स्वतःवर करवून घेतली. दोन आठवडेही उलटले नाहीत तोच ते मरण पावले. त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षे या शस्त्रक्रियेचे नाव कोणी घेईना. 1873 मध्ये जर्मनीच्या श्वार्त्झे यांनी ती कोणासाठी करावी आणि कोणासाठी करू नये हे शास्त्रशुद्ध मांडले, तेव्हा कोठे तिला प्रतिष्ठा लाभली. तरीही रोगाचे भय सरले नव्हते. डब्लिनचे सर विल्यम वाइल्ड हे कर्णरोगांवरील 1853 च्या प्रसिद्ध ग्रंथाचे कर्ते. त्यांचेच पुत्र, नाटककार ऑस्कर वाइल्ड, 1900 साली पॅरिसमध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाने गेले, आणि त्याचे मूळ त्यांच्या जुन्या कानदुखण्यात होते असे बहुतेक अभ्यासक मानतात. पित्याची विद्या पुत्राच्या कामी आली नाही!

1890 च्या सुमारास रूढ झालेल्या ‘रॅडिकल’ शस्त्रक्रियेत मागील हाड, कानाच्या नळीची मागची भिंत, पडद्याचे अवशेष आणि आतील नाजूक अस्थी हे सारे काढून एकच मोठी पोकळी केली जाई. जीव वाचे, ऐकू येणे बहुधा जाई. 1910 मध्ये बाँडी यांनी शक्य तेथे पडदा व अस्थी राखण्याची सुधारणा सुचवली. पुढे पेनिसिलिन आले. पुण्याजवळ पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि हे औषध देशातच तयार होऊ लागले. तीव्र दाहाने होणारे मृत्यू घटले. जुनाट कान मात्र औषधाने तेवढ्यापुरता कोरडा होई व पहिल्या सर्दीबरोबर पुन्हा वाहू लागे.

1950 च्या दशकात वुलस्टाइन व त्सोलनर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली नवा पडदा बसवण्याची टिंपॅनोप्लास्टी रूढ केली. पुढे कानशिलाच्या स्नायूवरील पातळ आवरण पडद्यासाठी वापरले जाऊ लागले, ते आजतागायत. आता ध्येय बदलले: कान निर्धोक हवा, कोरडा हवा आणि ऐकणाराही हवा. येथेच खरा पेच आहे. जुनाट रोगात कधीकधी त्वचेच्या पेशींचा पांढुरका गोळा, कोलेस्टिआटोमा, मध्यकर्णात वाढतो आणि हाड कुरतडतो. तो काढताना नळीची भिंत राखली तर कान नैसर्गिक राहतो, परंतु रोग परतण्याची शक्यता पुष्कळ वाढते. लहान मुलांत ती अधिकच. म्हणून वर्षाभराने कान पुन्हा उघडून पाहण्याची पद्धत पडली. अलीकडे विशेष प्रकारच्या एमआरआयने ते काम काही प्रमाणात भागते. भिंत काढली तर रोग क्वचित परततो, पण उरलेली पोकळी स्वतःला साफ करू शकत नाही. मळ साचतो, पोहताना पाणी शिरले की कान पुन्हा वाहतो, म्हणून वर्षातून एकदोनदा डॉक्टरांकडून ती साफ करवून घ्यावी लागते. तीही आयुष्यभर. साधे छिद्र बुजवलेला पडदा बहुसंख्य रुग्णांत उत्तम धरतो, तथापि नाकामागून मध्यकर्णात जाणारी नलिका नीट चालत नसेल तर तोही काही वर्षांनी आत ओढला जातो. रोग परतल्याचे काही वेळा पाच वा दहा वर्षांनी कळते. तोपर्यंत रुग्णाला दुखतही नसते.

मुंबईत या शास्त्राची परंपरा भक्कम आहे. नायर रुग्णालयात व टोपीवाला महाविद्यालयात डॉ. एल. एच. हिरानंदानी यांनी कान-नाक-घसा शाखेला नावलौकिक मिळवून दिला. 1972 साली ते पद्मभूषणने सन्मानित झाले. जोगेश्वरीकराला विलेपार्ल्याचे कूपर रुग्णालय तर दोनच स्टेशनांवर. शस्त्रक्रिया दुर्लभ नाही. दुर्लभ आहे ती पुढील दहा वर्षांची भेट. भाड्याची खोली बदलते, केसपेपर हरवतो, रोजंदारी बुडवून रांगेत उभे राहण्याचे कारण कोरड्या कानाला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2004 च्या अहवालाने वाहत्या कानांची जगातील संख्या साडेसहा ते तेहतीस कोटी आणि त्यांतील साठ टक्क्यांना लक्षणीय बहिरेपणा असा अंदाज दिला व भारताला सर्वाधिक प्रमाणाच्या देशांत ठेवले. 2007 साली केंद्राचा बधिरत्व प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम 25 जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला.

सेवाभावी शिबिरांनीही असंख्य कान तपासले आणि गरजूंच्या शस्त्रक्रिया घडवून आणल्या. हे ऋण मोठे आहे. मात्र संस्थांच्या अहवालांत किती शस्त्रक्रिया झाल्या हा आकडा छापला जातो, त्यांपैकी किती कान दहा वर्षांनी कोरडे होते हा रकाना सहसा नसतो. दोष कार्यकर्त्यांचा म्हणवत नाही, कारण तो रकाना भरायला रुग्ण परत यावा लागतो. पोकळी साफ करण्यास सूक्ष्मदर्शक, शोषणयंत्र आणि सरावलेला हात असला की बहुधा दहा-पंधरा मिनिटे पुरतात. तेवढ्यासाठी ज्याला बोलवायचे, त्याचा शिबिरात लिहून घेतलेला पत्ता कित्येकदा पहिल्याच पावसाळ्यानंतर बदललेला असतो.