टायटॅनियम ६०० अंशांपाशी का अडतं?

सांगलीच्या विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ज्यांचं नाव त्याला दिलं आहे, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बेंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. आजच्या एचएएलची सुरुवात तीच. विमानं बांधणं आपल्याला जमलं, इंजिन मात्र अजून छळतंय. ‘तेजस’ आजही अमेरिकी एफ४०४ इंजिनावर उडतं. या अडचणीचं एक मोठं कारण म्हणजे धातू.

जेट इंजिनात हवा आधी काँप्रेसरमध्ये दाबली जाते. दाबली की ती तापते, सायकलचा पंप मारताना नळी गरम होते तशी. प्रत्येक टप्प्याला तापमान चढत जातं. पाती ज्या चकतीवर बसवलेली असतात, ती मिनिटाला हजारो फेरे घेते. ती फुटली तर तुकडे इंजिनाचं आवरण भेदून बाहेर येऊ शकतात. म्हणजे धातू मजबूत हवा आणि हलकाही. निकेलच्या मिश्रधातूंची घनता ८ च्या वर, टायटॅनियमची ४.५.

टायटॅनियम वितळतं १,६६८ अंश सेल्सिअसला, पण त्याच्या खूप आधीच ते हात टेकतं. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला सर्वात प्रसिद्ध मिश्रधातू साधारण ३५० अंशांपर्यंतच भरवशाचा. त्यापुढे सततच्या ताणाखाली तो हळूहळू लांबत जातो. कथील, झिर्कोनियम आणि चिमूटभर सिलिकॉन घालून ब्रिटनमध्ये ‘आयएमआय ८३४’ तयार झाला, त्याची मजल ६०० अंशांपर्यंत. मग ॲल्युमिनियम आणखी का वाढवत नाहीत? कारण तसं केलं तर धातू ठिसूळ होतो. शिवाय एवढ्या उष्णतेत हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागात शिरतो, तोही ठिसूळपणाच आणतो.

घडवणं त्याहून कटकटीचं. तापलेला गोळा थंड साच्यात दाबला तर कडा गार होऊन तडकतात. म्हणून साचाही जवळपास तेवढाच तापवायचा आणि सावकाश दाब द्यायचा. हैदराबादच्या डीएमआरएल प्रयोगशाळेने २,००० टनी प्रेसवर हे साधलं. जग्वार आणि हॉक विमानांच्या अडोर इंजिनातल्या उच्चदाब काँप्रेसरच्या पाचही टप्प्यांच्या चकत्या तिने घडवल्याचं डीआरडीओने मे २०२१ मध्ये जाहीर केलं. मिधानी या सरकारी कंपनीसोबत अशा सुमारे २०० चकत्या बनवून एचएएलला देण्यात आल्या. हे तंत्र मोजक्याच देशांकडे आहे आणि ते सहसा कुणी विकत नाही.

६०० अंशांच्या पुढे टायटॅनियम ॲल्युमिनाइड लागतं. बोइंग ७८७ च्या जीईएनएक्स इंजिनात, टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यांत, त्याची पाती आहेत. कच्चा माल मात्र आपल्याकडे भरपूर. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही टायटॅनियमचं खनिज, इल्मेनाइट, सापडतं.