घोडा, वैरण आणि ऑक्सिजन

जानेफळला येऊन घोड्याच्या इतिहासावर बोलायचं म्हणजे आधी साखरखेर्ड्याचं नाव घ्यायला हवं. आपल्याच जिल्ह्यातलं गाव. ऑक्टोबर १७२४ मध्ये तिथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली, मुबारिजखान मारला गेला आणि हैदराबादच्या निजामाचं राज्य उभं राहिलं. कोण जिंकलं ते पुस्तकात असतं. आम्ही आज महिन्याकडे बघणार आहोत. ऑक्टोबर म्हणजे पाऊस सरलेला, नद्या उतरलेल्या आणि माळावर गवत अजून ओलं. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाचा हाच हंगाम. चिखल वाळला म्हणून फौजा निघत, हे खरंच. पण चार महिने हिरवं खाऊन घोडा आतून भरलेला असे, हेही त्यात आलं.

'आतून भरलेला' म्हणजे काय? उत्तम धावणारा घोडा भरधाव सुटला की उभ्या घोड्याच्या तीसपटींहून अधिक ऑक्सिजन ओढतो. ज्या हवेने दिवा जळतो तिनेच लोखंड गंजतं. शरीरातही ऑक्सिजन वापरताना त्याचा थोडा अंश उनाड निघतो आणि पेशींच्या चरबीला, प्रथिनांना चावे घेतो. त्याला आवरणारी यंत्रणा शरीराकडे असते. आवरणारे कमी पडले, उनाड वाढले, की त्या बिघडलेल्या तोलाला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात. हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञाने १९८५ साली ही कल्पना मांडली. म्हणजे शब्द चाळीस वर्षांचा, आणि घोडे धावतायत हजारो वर्षं.

आवरणाऱ्यांपैकी 'क' जीवनसत्त्व घोडा स्वतःच्या यकृतात बनवतो. त्या बाबतीत तो आपल्यापेक्षा स्वावलंबी. 'ई' मात्र त्याला बनवता येत नाही, ते वैरणीतूनच यावं लागतं. १९२२ मध्ये इव्हान्स आणि बिशप यांनी कॅलिफोर्नियात उंदरांवरच्या प्रयोगांतून ते शोधलं. उंदरिणींचे गर्भ टिकत नव्हते, सॅलडची हिरवी पानं दिल्यावर टिकले. पुन्हा हिरवंच! गवत कापून उन्हात वाळवलं की यातलं बरंचसं 'ई' निघून जातं आणि गंजीत पडून राहिलं की आणखी कमी होतं. घोडा अंगातल्या साठ्यावर काही महिने काढतो. १९९० मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांचा एक आजार नोंदवला. वर्षाहून अधिक काळ हिरवा चारा न मिळालेल्या घोड्यांच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशीच मरत होत्या. घोडे खात होते, आणि तरी वाळत, थरथरत होते.

आता शिवाजी महाराजांचं १६७० च्या दशकातलं चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेलं पत्र आठवा. ते सहसा रयतेच्या काजीसाठी वाचलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण आम्हाला ते पागेचं पत्रही वाटतं. दाणा, वैरण आत्ताच मनमानी उधळलीत तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गंजी जळेल, मग काय करणार? राज्य चालवणारा माणूस गवताच्या पेंढीची इतकी चिंता वाहतो. त्याला 'ई' ठाऊक नव्हतं, ठाऊक असण्याची गरजही नव्हती. वैरण संपली की घोडदळ संपतं, एवढं त्याला पुरेसं होतं.

पानिपतावर हेच सुटलं. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीपासून फौज एका जागी अडकली, रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी उपाशी घोड्यांवर स्वार बसले. इथे सावध राहिलं पाहिजे. जिथे पोटाला दाणा नाही, तिथे एखाद्या जीवनसत्त्वाला पराभवाचं कारण ठरवणं हा कार्यकारणभावाचा पोरखेळ झाला. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी ते करणार नाही. आम्ही एवढंच म्हणू, की दसऱ्याच्या सुमारापासून संक्रांतीपर्यंत कोंडलेल्या घोड्याचे दोन्ही साठे, चरबीचा आणि हिरव्याचा, सोबतच आटत गेले असणार.

आता पागा गेल्या, वरातीची घोडी उरली. लग्नं दाट असतात ती एप्रिल-मे मध्ये. घोडीपुढे कडबा नाहीतर सोयाबीनचं कुटार, वर हरभऱ्याची चंदी, आणि रात्री डीजेसमोर नाचणं. सभेआधी एका घोडीवाल्या भाऊंनी आम्हाला विचारलं, 'सर, डब्यातली पावडर द्यावी का जी?' आम्ही काही पशुवैद्य नाही, तरी वाचलंय ते सांगतो. हे उनाड कण सगळेच शत्रू नाहीत. पांढऱ्या पेशी त्यांच्याच साहाय्याने जंतू मारतात, आणि मेहनतीला स्नायू सरावतो त्यातही त्यांचा वाटा असतो. त्यांना मुळापासून दाबण्यात शहाणपण नाही. पावडरीत सेलेनियम असतं. थोडं लागतंच, पण जास्त झालं तर आयाळ-शेपटीचे केस गळतात, खूर तडकतात. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नका. विहिरीला पाणी असेल तर दोन वाफे लसूणघास लावा आणि कापला की ओलाच घाला. आणि भरपूर नाचल्यावर घोडीचे पुठ्ठे आखडले, लघवी काळपट झाली, तर त्या दिवशी दुसरी वरात घेऊ नका, डॉक्टरांना बोलवा.