तिकीट घेऊन आलेला रसिक

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिताना आपण नाटककारांची, नटांची आणि मंडळ्यांच्या मालकांची चरित्रे मोठ्या आस्थेने सांगितली. परंतु ज्याच्या पदरच्या पैशावर हा सारा संसार उभा राहिला, तो प्रेक्षक त्या इतिहासात नावगावावाचून, टाळ्यांच्या कडकडाटापुरताच येऊन जातो. ही उपेक्षा मला फार दिवस खटकत आलेली आहे; कारण नाटक पाहण्याची रीत ही नाटक करण्याच्या रीतीइतकीच शिकून यावी लागते, आणि महाराष्ट्राला ती शिकण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले, आणि त्याच धर्तीचे परंतु अधिक संस्कारित खेळ मराठीत रचावेत अशी आज्ञा पदरच्या विष्णुदास भावे यांस केली. त्या आज्ञेचे फळ म्हणजे १८४३ साली राजवाड्यात झालेले ‘सीतास्वयंवर’. त्या रात्री समोर बसलेली मंडळी ही संस्थानिकांची आश्रित किंवा निमंत्रित होती. ज्याने त्याने आपल्या दर्जाप्रमाणे बसावे, सरकारस्वारीची मुद्रा पाहून वाहवा द्यावी, आणि खेळ कंटाळवाणा झाला तरी उठून जाऊ नये, हा दरबारचा शिरस्ता होता. आवडनिवड सांगण्याचा अधिकार एकट्या धन्याला, कारण खर्चही त्याचाच.

१८५१ साली आप्पासाहेब निवर्तले, राजाश्रय सुटला, आणि भावे यांस आपली मंडळी घेऊन गावोगाव हिंडणे प्राप्त झाले. १८५३ मध्ये ते मुंबईस आले आणि ग्रँट रोडवरील नाटकशाळेत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. ही नाटकशाळा १८४६ साली नाना शंकरशेट यांच्या जागेवर उभी राहिली होती आणि तोपर्यंत तेथे बहुतांशी इंग्रजी नाटके होत. मराठी नाटकात पुढे पडदे आले, विजेचे दिवे आले. पण यांपैकी कोणत्याही सुधारणेपेक्षा त्या तिकिटाचे महत्त्व मी अधिक मानतो. ज्याने दाम मोजले त्याला नापसंती दर्शविण्याचा हक्क मिळाला. आणि ज्याला हक्क मिळाला तो लगेच शहाणपणाने वापरीलच अशी खात्री कोणास देता येणार?

नाटक मंडळ्यांच्या त्या काळातील जाहिराती, म्हणजे बाजारात वाटली जाणारी हँडबिले, पाहिली म्हणजे हा नवा समाज कसा एकत्र बसू लागला ते डोळ्यांसमोर उभे राहते. हलक्या रंगीत कागदावर ठसठशीत अक्षरांत मंडळीचे नाव, खाली नाटकाचे, मग पात्रांची प्रशंसा, आणि अगदी तळाशी दर: कोच, खुर्ची, बाक, जमीन, पीट. त्याशेजारी कुलीन स्त्रियांसाठी निराळ्या जागेची व्यवस्था केली असल्याची ग्वाही आवर्जून छापलेली असे. ती एक ओळ मला सबंध जाहिरातीत सर्वांत बोलकी वाटते. ज्या समाजात घरंदाज स्त्रीने नाटकास जाणे हेच चर्चेचा विषय होते, त्या समाजाला मालकाने दिलेला तो जामीनच होता. आणि पडद्याआड किंवा सज्जात बसून नाटक पाहणाऱ्या त्या स्त्रिया समोर पाहत होत्या त्या नायिका पुरुषांनीच वठविलेल्या असत.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले, आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले. संगीत नाटकाने प्रेक्षकाच्या हाती एक नवे शस्त्र दिले, ते म्हणजे ‘वन्समोअर’. भाऊराव कोल्हटकरांचे पद संपताच तो पुकारा उठावा, पद पुन्हा व्हावे, पुन्हा पुकारा उठावा, आणि रात्री सुरू झालेले नाटक असे लांबत लांबत पहाटेस टेकावे, हे नित्याचे झाले. या प्रथेने कथानकाचे मातेरे केले अशी टीका अनेक विचारवंतांनी केली आहे आणि ती खोटी नाही. तरीही मी त्या प्रेक्षकाची बाजू घेईन. ध्वनिमुद्रिका घरोघर पोहोचण्यापूर्वी आवडलेले गाणे पुन्हा ऐकण्याचा दुसरा मार्ग त्या बिचाऱ्याजवळ नव्हता. शिवाय पदाची दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा वेगळी व्हावी ही त्याची अपेक्षा असे, आणि ती अपेक्षा पुरी करताकरताच गायक नट घडले. सामान्य माणसाला राग ओळखू येऊ लागले ते या नाट्यगृहांत.

प्रेक्षकाच्या सामर्थ्याची खरी ओळख मात्र सरकारास आधी पटली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. वरवर पाहता महाभारतातील कथा. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, हे कोणी न सांगता पीटमधल्या प्रेक्षकालाही कळत होते. लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यावर लेख आला, तेव्हा त्याच्या लेखकाने नटांच्या अभिनयाबरोबर समोर बसलेल्या पुरुषांचे ताणलेले चेहरे आणि स्त्रियांची व्याकुळता यांचे वर्णन केले. १९१० मध्ये, १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याचा आधार घेऊन, नाटकास मनाई झाली. संहिता तीन वर्षे तीच होती. सरकारला भय वाटले ते ती ऐकून प्रेक्षागारात जी शांतता पसरे तिचे.

त्यानंतरचा काळ बालगंधर्वांचा. त्यांच्या नाटकास जायचे म्हणजे घरात मंगलकार्य असल्याप्रमाणे तयारी व्हायची. ठेवणीतले कपडे निघत, अत्तराचे फाये कानात जात, आणि त्यांनी रंगभूमीवर नेसलेल्या शालूची चर्चा माजघरात चाले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श यांनी मिळून संयुक्त ‘मानापमान’ केले. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन्ही पक्षांचे अभिमानी एकाच छपराखाली आलेले, एरवी एकमेकांचा पाणउतारा करणारे. त्या रात्री दोन्ही पक्षांची दाद दोन्ही नटांना मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले.

बोलपटांनी मंडळ्या मोडकळीस आणल्या, करमणूक कराने उरलेला नफा कातरला, हा भाग सर्वश्रुत आहे. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने नाटक आटोपशीर केले, गाणी कमी केली, आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या, तेव्हापासून प्रेक्षकाला अंधारात मुकाट्याने बसून संवाद ऐकण्याची सवय लावून घ्यावी लागली.

मग शिवाजी मंदिर, बालगंधर्व रंगमंदिर अशी पक्की नाट्यगृहे १९६५ ते १९६८ या काळात उभी राहिली, आणि ‘प्लॅन’ हा शब्द घरोघर रूढ झाला. सकाळी वर्तमानपत्रात प्लॅन उघडल्याची जाहिरात पाहायची, रांगेत उभे राहायचे, आणि खिडकीशी पोहोचल्यावर काचेखाली पसरलेल्या त्या कागदावर वाकून पाहायचे. छोट्या चौकोनांच्या रांगा, पेन्सिलीने फुल्या मारलेले निम्मेअधिक चौकोन, आणि मधल्या रांगेत सलग तीन कोरे सापडले की मिळणारे समाधान. कोच आणि पीट जाऊन अनुक्रमांक आले. दर वेगळे राहिले खरे. पण ज्याने आधी येऊन पैसे भरले त्याची खुर्ची त्याची, हा नियम पाळणारी सार्वजनिक ठिकाणे आपल्याकडे त्या वेळी फार नव्हती.

हा सारा इतिहास ज्या कागदांवर आहे ते कागद आज रद्दीत जात आहेत. कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत एखादे हँडबिल असेल, पोथीत खूण म्हणून ठेवलेले तिकिटाचे अर्धुक असेल, एखाद्या जुन्या व्यवस्थापकाच्या दप्तरात फुल्या मारलेला प्लॅन असेल. वाचकांनी असा कागद टाकून देऊ नये. मागे तारीख आणि गावाचे नाव लिहावे, आणि आपल्या गावच्या ग्रंथालयाकडे सोपवावा.